गेटपासून दोनशे पावलं

कागदावर आमच्या ले-आऊटमधला रस्ता तीस फुटांचा आहे. टेप धरून मोजला तेव्हा मोकळा असा अठरा फूट भरला. उरलेले बारा फूट कुठे गेले तेही मी वहीत लिहून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंच्या नाल्या साडेतीन फूट, घरांच्या पायऱ्या आणि गाडी चढवायचे उतार चार फूट, कुंपणाबाहेर लावलेली कण्हेर आणि जास्वंद दोन फूट, एका अर्धवट बांधकामाची वाळू-गिट्टी अडीच फूट. राहिलेल्या अठरा फुटांत सकाळी पंचवीस मिनिटांमध्ये तीनशेच्या वर लेकरं, सव्वाशेच्या आसपास मोटारसायकली आणि स्कूटी, अकरा ऑटो, चार व्हॅन, दोन पिवळ्या बस आणि आठ-दहा कार यायच्या. वही अजून माझ्याकडे आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय मला एसटीने लावली.

मी एसटीचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक वाशीम आगारात. मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट, अकोला ही माझी वाट. मधली काही वर्षं रिसोडच्या फेऱ्या होत्या आणि शेवटी मुलींना शाळेत पोचवणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसवर होतो. २०१८ मध्ये निवृत्त झालो. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात तेव्हा, आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवी प्राथमिक शाळा सुरू झाली आणि नात पहिलीत गेली. पहिल्या दिवशी तिचं बोट धरून निघालो. घरापासून शाळा चारशे पावलं. शेवटची साठ पावलं चालायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. मोटारसायकलींची हँडलं तिच्या कानाशी होती आणि सायलेन्सर पोटरीशी. मी एकतीस वर्षं उंच सीटवर बसून रस्ता पाहिला होता. साडेतीन फुटांवरून रस्ता कसा दिसतो हे पाहायचा प्रसंग कधी आला नव्हता. त्या दिवशी दोन उभ्या कारच्या मधे मी उकिडवा बसलो आणि तिच्या उंचीवरून पाहिलं. समोर फक्त पत्रा होता. येणारी गाडी दिसत नव्हती आणि येणाऱ्या गाडीवाल्याला मी दिसत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी शिट्टी घेऊन उभा राहू लागलो. मला कोणी नेमलं नव्हतं आणि कोणी नको म्हटलं नाही. मुख्याध्यापिका मॅडमनी शाळेतली एक खुर्ची बाहेर आणून ठेवली, तीवर मी सहा वर्षांत क्वचितच बसलो असेन.

वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळं होऊन जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले, कोचिंग आलं आणि गावाच्या चारी बाजूंनी सोयाबीनची वावरं प्लॉटांनी मोजली जाऊ लागली. ले-आऊट पाडताना रस्ता घरांच्या हिशोबाने पाडला जातो. दहा-बारा वर्षांनी कोपऱ्यातले चार-सहा प्लॉट एकत्र करून तिथे शाळा होते, तेव्हा रस्ता तोच राहतो. शाळा हवीच होती. जवळ शाळा असणं हा लेकरांचा हक्क आहे, कायद्याने पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे. पण एक किलोमीटरच्या आत शाळा आहे म्हणून लेकरू चालत येईल, हा हिशोब आमच्याकडे चुकला. शंभर घरांपलीकडून येणारं मूलसुद्धा गाडीवर यायचं.

पहिलं वर्ष मी ओरडण्यात घालवलं. हे मोकळेपणाने सांगतो, कारण माझ्यासारखं कोणी उद्या उभं राहणार असेल तर त्याचा तेवढा वेळ वाचेल. मी शिट्टी वाजवायचो, हात करायचो, गाड्यांच्या चाव्या काढून घ्यायचो. "काका, दोनच मिनिटं, पोराले सोडतो अन् निंगतो," हे वाक्य मी दिवसातून तीस वेळा ऐकायचो. आणि तो माणूस खोटं बोलत नव्हता. तो दीड-दोन मिनिटांतच निघायचा. पोराला उतरवायचं, डब्याची पिशवी द्यायची, गळ्यातलं ओळखपत्र सरळ करायचं, बाईंशी दोन शब्द बोलायचे, एवढंच.

एका रविवारी वही घेऊन बसलो आणि चूक सापडली. गेटची रुंदी बावीस फूट, तिथे एका वेळी धड उभ्या राहतील अशा मोटारसायकली फार तर तीन-चार. एकेकीला दीड मिनिट धरलं तरी सव्वाशे मोटारसायकलींना पाऊण तासाच्या वर वेळ लागतो, आणि आमच्याकडे वेळ होता पंचवीस मिनिटं. म्हणजे सगळ्यांनी साधूसंतांसारखं वागायचं ठरवलं असतं तरी गर्दी झालीच असती. बसस्टँडवर फलाट का असतात हे मी रोज पाहत आलो होतो. सगळ्या गाड्या एका दाराशी लागू शकत नाहीत म्हणून असतात. आमच्या शाळेला फलाट नव्हते, एकच दार होतं आणि प्रत्येकाला लेकरू त्या दाराच्या उंबऱ्यावरच उतरवायचं होतं. ओरडून गणित बदलत नाही हे कळल्यावर माझा आवाज आपोआप खाली आला.

मग मी दुसरी चूक केली. गल्ल्यांचा एक फेरा ठरवला. गाड्या एका गल्लीतून आत येतील, शाळेपुढून जातील आणि मागच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागतील, म्हणजे कोणालाच वळायला नको. मॅडमना पटलं, पालकांच्या सभेत टाळ्या पडल्या. फक्कीने बाण काढले. चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एका घरी आजोबांना धाप लागली. घरातल्यांनी कार काढायची म्हटली तर फाटकासमोर शाळेच्या गाड्यांची रांग. मी शिट्टी वाजवत धावलो, रांग हलवली, त्यात सात मिनिटं गेली. आजोबा वाचले. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, शाळा तुमची, लेकरं तुमची, समदं खरं. पण आमच्या दारातून गाड्या जातीन हे आम्हाले कोणी इचारलं काय?"

कोणी विचारलं नव्हतं. शाळा, पालक आणि मी, आम्ही तिघांनी मिळून त्यांची गल्ली वापरायला घेतली होती. ती गल्ली शाळेच्या आधीपासून त्यांची होती. सकाळी साडेआठला दूधवाला येतो, कामावर जाणारा गाडी काढतो, नळाला तीन दिवसांनी पाणी आलं तर बाया पाइप लावतात, हे सगळं त्या रस्त्यावर आधीपासून चालू होतं. दुसऱ्याच दिवशी मी बाण पुसले. त्यानंतर कोणताही बदल करायचा तर आधी दोन्ही गल्ल्यांतल्या एकोणतीस घरी जाऊन विचारायचं असं ठरवलं, आणि ते आजवर पाळलं आहे. वेळ लागतो. पण त्याच आजी आज सकाळी खुर्ची टाकून बसतात आणि फाटकासमोर कोणी गाडी लावली तर माझ्याआधी त्याच बोलतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. रस्ता इतका ओस पडला की नाल्यांच्या कडेने तरोटा उगवला. पुन्हा लेकरं आली तेव्हा दुसरीतल्या पोरांनी शाळेचं दार पहिल्यांदा पाहिलं होतं. दोन वर्षं ती घरात होती, रस्ता ओलांडायची सवय मोडली होती, काहींना ती कधी लागलीच नव्हती. आईबापही जास्त घाबरलेले. पूर्वी जी चालत यायची त्यांतली निम्मी आता गाडीवर येऊ लागली. आणि पुढच्या हिवाळ्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, ज्या गोष्टीसाठी मी तिथे उभा होतो ती माझ्या डोळ्यांदेखत घडली.

एक कार गेटपर्यंत गेली होती आणि पुढे बस असल्यामुळे अडकली होती. गाडीत बसलेले भाऊ आमच्याच शाळेचे पालक, शांत स्वभावाचे, कधी आवाज चढवला नाही. मी कारच्या पुढे उभा होतो. त्यांनी काचेतून विचारलं, मागे घेऊ का? मी हात केला, घ्या. गाडी बैलगाडीच्या चालीने मागे सरकली. मागून दुसरीतला एक मुलगा खाली पडलेली पाण्याची बाटली उचलायला वाकला होता. त्याच्या पायावरून चाक गेलं. पोटरीचं हाड मोडलं.

एसटीत गाडी मागे घ्यायची तर कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि मग शिट्टी देतो. एकतीस वर्षं मी त्या शिट्टीशिवाय रिव्हर्स टाकला नाही. त्या दिवशी मी गाडीच्या पुढे उभा होतो आणि तरीही हात केला. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी हे सांगितलं, मुलाच्या वडलांनाही दवाखान्यात सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काका, तुमी उभे रायता म्हणून आतापर्यंत एकच झालं." त्या वाक्याने मला धीर यायला हवा होता, आला नाही. मुलगा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. कारवाले भाऊ त्यानंतर कार घेऊन कधी आले नाहीत. त्यांची बायको मुलीला चालत आणते, आणि ते स्वतः पुढे आमच्या पालक-गटात सर्वांत नेमाने येणारे झाले.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम सगळ्यांच्या वर आहे. शाळा भरताना अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास त्या गल्लीत कोणीही गाडी मागे घ्यायची नाही. अडकलात तर थांबा, पुढची हलेल. बस आणि व्हॅनसाठी मी एसटीची घंटा आणली. एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल, आणि दोन घंटांशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. स्कूल बसबद्दल आपल्या राज्याचे २०११ चे नियम आहेत, त्यांत मदतनीस बाई सांगितली आहे. तोवर आमच्या मदतनीस बाया दारात उभ्या राहून दप्तरं घेत होत्या. मी त्यांना शिकवलं. शेवटचं मूल उतरलं की बाईने खाली उतरायचं, गाडीला पूर्ण फेरी मारायची, वाकून चारही चाकं पाहायची आणि मग शिट्टी दोनदा वाजवायची. त्याआधी ड्रायव्हरने गिअर टाकायचा नाही. एका बाईने पहिल्याच आठवड्यात मागच्या चाकाशी बुटाची लेस बांधत बसलेली मुलगी पाहिली. तिने एकच शिट्टी इतक्या जोरात वाजवली की सगळी गल्ली थांबली.

लोकांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. एका पालकसभेच्या दिवशी बसमालकाला विनंती करून मी बस मैदानात उभी करवली आणि आईबापांना एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. चौथीतल्या पोरांना बसच्या नाकापुढे, दाराखाली आणि मागच्या चाकाशी उभं केलं. वर बसलेल्याला विचारायचं, किती दिसतात? एक ताई म्हणाल्या, दोन. उभी होती नऊ. त्या खाली उतरल्या, आपल्या मुलाला नाकापुढून बाजूला घेतलं आणि हात सोडेनात. मग बस हळूच वळवून दाखवली. लांब गाडी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, ते कोपऱ्याकडे आत घुसतं. पुढचं चाक लांबून गेलं म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि मागचं त्याच्या पायाशी येतं. फक्कीने दोन्ही चाकांच्या रेघा काढल्या, त्यांच्यामध्ये अडीच हात अंतर पडलं. कोपऱ्यावर उभं राहून भेळ खाणारी पोरं त्या दिवसानंतर तिथे दिसली नाहीत.

वेगाचं असंच आहे. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी छत्तीस फूट पुढे गेलेली असते. वीसच्या वेगाला हेच अठरा फूट. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाल्यापासून एक नवी अडचण आली. ताशी एकशेवीसने तासभर गाडी हाणून शेलूबाजारला उतरलेल्या माणसाला आमच्या गल्लीत चाळीस म्हणजे गाडी उभीच आहे असं वाटतं. त्याचे डोळे तसे झालेले असतात. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक हवा. तो मिळवायला नगर परिषदेत अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज असं दीड वर्ष गेलं. झाला तेव्हा त्याच्यावर पांढरे पट्टे नव्हते, ते आम्ही मारले, कारण न दिसणारा गतिरोधक मोटारसायकलवाल्याचं डोकं फोडतो.

हॉर्नबद्दल मला माझं जुनं देणं फेडायचं आहे. खेड्यातल्या शाळेपुढून जाताना मी लांबूनच हॉर्न दाबून ठेवायचो. पोरं बाजूला पळायची आणि मला वाटायचं, काळजी घेतली. इथे खाली उभा राहिल्यावर पाहिलं की हॉर्न वाजला की लहान मूल पुढे पळत नाही. ते जागच्या जागी थिजतं, नाही तर आलं तिकडेच मागे फिरतं, आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याने ते पुढे जाईल असं धरलेलं असतं. शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतात ते फक्त अभ्यासात अडथळा नको म्हणून, असं मला वाटायचं. त्याचा उपयोग तेवढाच नाही हे इथे कळलं.

सगळ्यात मोठा बदल मात्र गेटपासून लांब जाऊन झाला. शाळेपासून दोनशे पावलांवर ले-आऊटची मोकळी जागा आहे. नकाशात ती बगिच्यासाठी आहे, प्रत्यक्षात तिथे एक मारुतीचं देऊळ, दोन कडूलिंब आणि बाभळीचं रान होतं. गल्लीतल्या घरांना विचारून, नगर परिषदेची परवानगी घेऊन आम्ही ती साफ केली आणि मुरूम टाकला. मोटारसायकलवाल्यांनी आणि ऑटोंनी लेकरांना तिथे उतरवायचं. तिथून लेकरं रांगेने चालत शाळेत जातील, पुढे आणि मागे एकेक मोठं माणूस, मधे चौथीतली पोरं शिट्ट्या घेऊन. माझ्या मुलाने मोबाइलवर जपानमधली पहिलीची पोरं दाखवली होती, पिवळ्या टोप्या घालून गटाने चालत शाळेत जाणारी. इटलीतल्या बोल्झानो गावात तर १९८९ पासून शाळेच्या वेळेत शाळेसमोरचा रस्ताच गाड्यांना बंद ठेवतात. आपल्याकडे हे नवं नाही. माझ्या लहानपणी वाड्यातली सगळी पोरं एका घोळक्याने शाळेत जायची आणि मोठी बहीण सर्वांना मोजायची.

विरोध झाला, आणि जोरात झाला. "आमी फीस भरतो, गेटपर्यंत काहून नाई सोडायचं?" असं एकाने सभेत विचारलं. पण बहुतेकांचं म्हणणं वेगळं होतं, ते ऐकून घेतल्यावर मला कळलं. दप्तर. एवढं ओझं घेऊन सहा वर्षांचं लेकरू दोनशे पावलं कसं चालेल? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा आणला आणि गेटवर दप्तरं तोलली. पहिलीतल्या एका मुलीचं दप्तर सव्वाचार किलो. मुलगी सतरा किलोची. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको असा शासनाचा निर्णय २०१५ चा आहे, म्हणजे तिच्या पाठीवर दोन किलोच्याही आत हवं होतं. मॅडमनी तो काटा पाहिला आणि काही न बोलता आत गेल्या. पंधरा दिवसांत वर्गात लाकडी खण झाले, निम्मी वह्या-पुस्तकं शाळेतच राहू लागली. वाहतुकीची गाठ दप्तरात अडकली असेल असं मला एरवी कधी सुचलं नसतं.

ऑटोवाल्यांबद्दल लोक वाईट बोलतात. मी आधी तसाच होतो. पण दोनशे पावलांची पद्धत सगळ्यात आधी त्यांनी उचलली, कारण गेटवरच्या कोंडीत त्यांचा पेट्रोलचा आणि वेळेचा रोजचा तोटा होता. त्यांना प्रत्येक लेकराचं नाव, घर, आजोळ ठाऊक असतं. कोणाची आई माहेरी गेली आहे, कोणाला आज ताप आहे, हे मला ऑटोवाल्यांकडून कळतं. त्यांच्याशी माझं एकच भांडण झालं, मागच्या फळीवर पोरं बसवण्यावरून, आणि ते भांडण मी सोडलं नाही.

त्याहून अवघड होतं मोठ्या भावाचं प्रकरण. नववीतला मुलगा स्कूटीवर धाकट्या बहिणीला पुढे उभी करून आणि मागे शेजारच्याचं पोर बसवून यायचा. घरात दुसरं कोणी सोडायला नव्हतं, वडील पहाटे वावरात, आई अंगणवाडीत. कायदा २०१९ पासून कडक आहे, अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. तो धाक घालून मी त्याला दोन दिवस परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी बहीण शाळेत आली नाही, चौथ्या दिवशीही नाही. धाक घालून लेकरू शाळेबाहेर काढायला मी उभा राहिलो नव्हतो. त्यांच्या गल्लीतून चालत येणाऱ्या दोन आया शोधल्या, मुलीला त्यांच्यासोबत जोडून दिलं. शेजारचं पोरही त्याच रांगेत आलं. स्कूटी घरी राहिली. वाहतूक शाखेचे हवालदार भाऊ मला म्हणाले होते, नाके किती आणि माणसं किती, आम्ही दोन दिवस उभे राहू, रोज नाही. खरं होतं. त्यांनी दोन दिवस उभं राहून जे दिलं ते घेतलं, बाकीचं गल्लीला करावं लागलं.

एकदा घडी बसली की तशीच राहते असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय आला. लेकरांच्या झोपेसाठी चांगला. पण नऊला आमचा रस्ता कचेरीत जाणाऱ्यांचा आणि कोचिंगच्या पोरांचा असतो, तेव्हा मोकळ्या जागेचं तोंड आणि रांगेची बाजू पुन्हा बदलावी लागली, पुन्हा एकोणतीस घरं फिरलो. मृगानंतर काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या टायरांनी डांबरावर येतो आणि स्कूटी साबणावरून घसरावी तशी घसरते. म्हणून पावसाळ्यात कोणी ना कोणी पहाटे खराटा मारतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन बाजार समितीत जायला निघतं, मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या मुख्य रस्त्यावर रांगा लावतात. त्या पंधरा-वीस दिवसांत आम्ही मुख्य रस्ता ओलांडणारी रांग शाळेच्या बसच्या आडोशाने नेत नाही, सरळ उघड्यावर नेतो, दोन्हीकडून दिसेल अशी. ट्रॉलीवाला शेतकरी थांबतो. त्याला पोरं दिसली की तो नेहमी थांबतो, हे मी आवर्जून लिहितो.

नात आता सातवीत आहे, दुसऱ्या शाळेत सायकलने जाते. मी सकाळी त्याच कोपऱ्यावर असतो. पोटरी मोडलेला तो मुलगा चौथीत गेला तेव्हा त्याने शिट्टी मागितली. मी त्याला रांगेच्या शेवटी ठेवलं, मागचं पाहायला.

मागच्या दिवाळीनंतर पलीकडच्या ले-आऊटमध्ये आणखी एका शाळेचं काम सुरू झालं. जोतं भरत होतं तेव्हाच मी टेप घेऊन गेलो. तिथला रस्ता सतरा फूट भरला. गेटची जागा गल्लीच्या बाजूला फक्कीने आखलेली होती. संस्थेच्या लोकांना आमच्या शाळेपुढे सकाळी नऊला अर्धा तास उभं केलं, वही दाखवली, आणि गेट मोकळ्या जागेकडे घ्यायची विनंती केली. तुमच्या भागात शाळा होत असेल तर तुम्हीही एवढं करा, भिंत बांधायच्या आधी जा. तिथल्या गेटचे दोन्ही खांब गेल्या आठवड्यात मोकळ्या जागेच्या बाजूला उभे राहिले.